खाजणातले नाचणकर साहेब

लग्नात अंगावर अक्षता पडल्या की माणसं त्या झटकून टाकतात. डॉक्टर नाचणकर त्या चावून बघतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते रत्नागिरीतल्या एका कार्यालयात, माझ्या मैत्रिणीच्या लग्नात. माझ्या पुढच्या रांगेत एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. भर मे महिन्यात काखेत छत्री. 'शुभ मंगल सावधान' झालं, अक्षता उडाल्या, आणि या गृहस्थांनी आपल्या हातातल्या अक्षता सरळ खिशात घातल्या. मग शेजाऱ्याच्या खांद्यावर पडलेल्या उचलल्या आणि एकेक दाणा पुढच्या दातांत धरून कट्कन तोडायला सुरुवात केली. दाणा तुटला की क्षणभर डोळे मिटायचे, मान हलवायची, पुढचा दाणा. शेजाऱ्याने हळूच जागा बदलली.

एका दाण्याशी मात्र ते थबकले. तो त्यांनी जिभेवर घोळवला, बाहेर काढला, रुमालाने पुसला आणि उजेडात धरला.

"कुंकू गेलं, तरी लाल राहिला," ते स्वतःशीच म्हणाले, आणि तरातरा स्टेजवर चढले. नवरीच्या मागे तिचे मामा उभे होते.

"हे तांदूळ कुठले?"

मामांना वाटलं, मुलाकडच्यांची तक्रार आली. त्यांचा चेहरा उतरला. "का हो? काय झालं?"

"दुकानातले की घरचे?"

"घरचेच. माझ्या बहिणीने, हिच्या मावशीने दिलेत. ती राजापूरकडे, नाटे गावात असते. पण झालं काय?"

"तिची जमीन खाडीला लागून आहे का?"

नवरा-नवरी हार हातात धरून या दोघांकडे बघत होते. फोटोग्राफरही. मामा म्हणाले, "आहे हो, खाजण आहे तिचं. भरतीचं खारं पाणी शिरतं त्यात." त्यावर हे गृहस्थ इतके खूश झाले की त्यांनी नवरदेवाच्या आधी मामांचंच अभिनंदन केलं आणि न जेवता निघून गेले.

पुढच्या सोमवारी मी शहराबाहेरच्या भात संशोधन केंद्रात रुजू झाले. माझं काम माती तपासण्याचं. भाताच्या नव्या जाती तयार करणाऱ्या विभागाचे प्रमुख म्हणून ज्यांच्यापुढे मला उभं केलं, ते हेच गृहस्थ. आडनाव नाचणकर, आणि आयुष्य सगळं भातात. त्यांनी माझं नाव विचारलं, मी सुनीता म्हणून सांगितलं, आणि त्यानंतर त्यांनी मला कायम 'मातीवाल्या बाई' अशीच हाक मारली.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मिठाचं मोजमाप येतं ना? उद्या नाट्याला जायचंय."

नाचणकरांचं एक वाक्य केंद्रात सगळ्यांना पाठ होतं: "अजून दोन पावसाळे बघू." भाताची नवी जात कशी वाटते म्हणून विचारलं तर दोन पावसाळे बघू. ऑफिसात नवीन कपाट घ्यायचं का, दोन पावसाळे बघू. शिपायाने मुलासाठी मुलगी पाहिली आणि साहेबांचं मत विचारलं, तर तेच. भाताच्या माणसाला पावसाळ्याशिवाय दुसरं घड्याळ नसतं, कारण खरी परीक्षा वर्षातून एकदाच होते. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही त्यांनी मुलीच्या वडिलांना हेच सांगितलं होतं म्हणे. मुलीच्या वडिलांना तेवढा दम नव्हता. पुढे कुणी विचारलं नाही आणि साहेबांनाही आठवण राहिली नाही. निदान आम्हाला तसं वाटायचं.

भात फुलायच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्याशी बोलायला बंदी असे. भाताचं फूल तेव्हा उमलतं आणि तासाभरात मिटतं. त्या वेळी नाचणकर शेतात बसलेले असत, डोळ्याला भिंग लावून, आणि छत्री उघडून लोंबीच्या आडोशाला धरलेली. पाऊस आला तरी छत्री लोंबीवर, हे भिजत. एकदा मोठे साहेब पाहणीला नेमके याच वेळी आले. बरोबर चार माणसं, हार, नारळ. मोठे साहेब वाकून म्हणाले, "काय चाललंय डॉक्टर?"

नाचणकरांनी मान वर केली नाही. "साहेब, श्वास तिकडे सोडा," ते म्हणाले. "पराग उडतोय."

मोठे साहेब खरोखर तोंड वळवून उभे राहिले. त्यांच्या मागची चार माणसंही. वारा पडेपर्यंत कुणी हललं नाही. नारळ हातातच राहिला.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. मग एके दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. लोंबीवरचा एक हिरवा दाणा हळूहळू उघडत होता. आपण ज्याला तूस म्हणून पाखडून टाकतो, त्याची ती दोन दारं होती. ती बाजूला सरली आणि आतून सहा नाजूक पिवळे परागकोश धाग्यांवर डोलत बाहेर आले. मध्ये पिसांसारखे दोन पांढरे तुरे. जन्मभर भात खात आले होते, आणि त्याचं फूल त्या दिवशी पाहिलं.

"हे भाताचं घर," नाचणकर कुजबुजले. "नवरा-बायको आतच. भाताला बाहेरचं कुणी लागत नाही. आपण घुसायचं म्हणजे दार उघडायच्या आधी, हळूच."

आदल्या संध्याकाळी ते न उमललेल्या दाण्याचं टोक कात्रीने छाटत, आत चिमटा घालून ते सहाही परागकोश अलगद काढत. एकही फुटता कामा नये. मग बटर पेपरची पिशवी चढवायची आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या जातीचा पराग आणून वर झटकायचा. असे शेकडो दाणे. त्यांतले मोजकेच धरत. त्यांचा हात एरवी चहाचा कप उचलताना थरथरायचा. चिमटा धरला की तो हात दगडासारखा स्थिर होई. ते मी रोज बघायची.

रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाट्याला गेलो तेव्हा मामांची बहीण, शेवंती काकी, दारातच उभ्या होत्या. लग्नात आपल्या तांदळावरून काहीतरी घोटाळा झाला, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं. पोलीस येतील की काय, अशा नजरेने त्यांनी आमच्या जीपकडे पाहिलं.

"लाल दाणा," नाचणकर म्हणाले. "लाल दाण्याचं भात कुठे आहे?"

काकींचा जीव भांड्यात पडला. "तो होय? तो आमच्या आजेसासूच्या टायमाचा. आता कुटं ऱ्हायलाय सायब. उंच वाढतो नि आडवा पडतो. पिकतो पण मूठभर. मी नवीन बियाणं आणते तालुक्यावरनं, त्यात एखादा लाल येतो मधीच."

"खारं पाणी आलं तर?"

"त्याला काय होत नाय. नव्याला होतं. नवा जळतो."

काकींचं शेत खाडीला लागून होतं. मध्ये मातीचा बांध. तो दर एकदोन वर्षांनी फुटायचा आणि समुद्राचं पाणी आत यायचं. अर्धी जमीन पांढरी पडली होती. काकी एकट्याच राहत. नवरा बोटीवर खलाशी होता, तो वारला. मुलगा दिनेश मुंबईला नोकरीत. तो दर आठवड्याला फोनवर एकच बोलायचा, की आई, त्या खाजणात काय ठेवलंय, इकडे ये. काकी म्हणायच्या, "येईन रे. पण जमीन पिकते तवर कशी टाकू?"

त्या वर्षी भात फुलल्यावर नाचणकरांनी काकींच्या शेतात उभं राहून लाल दाण्याची उंच ताटं शोधून काढली, त्यांचा पराग घेतला आणि आमच्या केंद्रातून कुंड्यांत नेलेल्या एका बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या जातीशी त्यांचा संकर केला. बुटकी जात आडवी पडत नाही, पण मिठाला घाबरते. लाल मिठाला घाबरत नाही, पण आडवा पडतो. दोघांतलं चांगलं एका रोपात यावं, एवढीच इच्छा. ते तसं सहज येत नाही. दुसऱ्या पिढीत हजारो रोपं येतात आणि एकही दुसऱ्यासारखं नसतं. कुणी उंच, कुणी खुजं, कुणी लाल, कुणी पांढरं, कुणी कुसळांच्या मिशीवालं. दाणे भरले की नाचणकर त्या गर्दीतून चालत आणि नकोशी रोपं उपटत. दर वर्षी पेरायचं, दर वर्षी निवडायचं. बाकीची पास होत नाहीत म्हणून बाजूला.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. नाचणकरांचं दर वर्षी एकच. दोन पावसाळे बघू. निवडलेल्या वाणांची खरी चाचणी काकींच्या खाजणात होई. मी मिठाचं यंत्र घेऊन जायची, काकी चहा करायच्या, नाचणकर चहात न बघता शेतात बघत प्यायचे. एकदा त्यात माशी होती. काकी म्हणाल्या, "सायब, माशी." ते म्हणाले, "असू दे, एकच आहे."

हळूहळू काकीही त्यात ओढल्या गेल्या. कुठल्या कुणग्यात, शेताच्या कुठल्या तुकड्यात, कुठला नंबर हे त्यांना तोंडपाठ झालं. "सायब, तुमचा अमुक नंबर पडलाय हो आडवा," असा फोन त्या करत आणि साहेब अर्धी रजा टाकून राजापूरची एसटी पकडत. त्यातल्या एका वर्षी बांध फुटून काकींचं स्वतःचं भात सगळं गेलं. दिनेश येऊन राहिला आणि त्याने निक्षून सांगितलं, पुढच्या वर्षी असंच झालं तर घराला कुलूप लावायचं. काकींनी मला हे आमच्या जीपपाशी सांगितलं, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. साहेबांना ऐकू गेलं होतं. 

पुढच्या पावसाळ्यात भात पोटरीला आलं होतं, लोंबी अजून ताटाच्या पोटात होती, आणि वादळाबरोबर उधाण आलं. बांध दोन ठिकाणी फुटला. समुद्र आत आला आणि बसूनच राहिला. रस्ता बंद होता, पडलेली झाडं तोडून वाट मोकळी होईपर्यंत आम्हाला जाता आलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाणी घोट्यापर्यंत उतरलेलं, आणि सगळं खाजण तपकिरी झालेलं. काकींचं शेत, शेजाऱ्यांची शेतं, आमचे चाचणीचे वाफे. जणू कुणी विस्तव फिरवला होता. काकी बांधावर बसल्या होत्या. मोबाइलवर दिनेश होता. "दाखव ना आई," तो म्हणत होता. काकींनी मोबाइल शेताकडे वळवला आणि तसाच धरून ठेवला. 

मी यंत्र पाण्यात बुडवलं. आकडा बघून परत पुसून बुडवलं. इतक्या मिठात भात जगतो असं मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. एवढ्या वर्षांचं काम माझ्या डोळ्यांदेखत कुजत होतं, आणि मला रडू आवरेना.

नाचणकरांनी बूट काढून बांधावर ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत उतरले. एका टोकापासून, ओळीने. प्रत्येक रोपापाशी वाकायचं, पानं बाजूला करायची, पोटरी दाबून बघायची, पुढे. बारीक पाऊस होता. छत्री बंद करून काखेत धरलेली. दुपार झाली तरी ते थांबले नाहीत. काकी म्हणाल्या, "बाई, सायबांना बोलवा. पाय कुजतील." मी हाक मारली, त्यांनी हात हलवून गप्प राहायला सांगितलं.

मग खाडीकडच्या कोपऱ्यातून त्यांचा आवाज आला. अगदी हळू, झोपलेल्या बाळापाशी बोलतात तसा.

"मातीवाल्या बाई. यंत्र घेऊन या. सावकाश."

तिथे चिखलातून वर आलेली काही रोपं उभी होती. हिरवी. टोकं थोडी करपलेली, पण हिरवी. आणि एकातून लोंबी बाहेर पडत होती. मला वाटलं, इथे गोड्या पाण्याचा झरा असणार. त्यांनाही तेच वाटलं असावं.

"मोजा."

मी मोजलं. तेच मीठ.

"मुळाशी मोजा."

मुळाशीही तेच. पलीकडून मोजलं, अलीकडून मोजलं. सगळीकडे समुद्र.

नाचणकर खाली बसले. सरळ चिखलात, मांडी घालून. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते त्या रोपांकडे.  दोन पावसाळ्यांचं नावही त्यांनी काढलं नाही. हातभर उंचीचं एक गवत, त्याच्या मुळाशी समुद्र, आणि ते आपलं सांगितलेलं काम करत होतं, लोंबी काढत होतं. कुठल्यातरी आजेसासूने मिठाच्या जमिनीत जपलेलं काहीतरी त्या दाण्यातून, त्या चिमट्यातून, त्या सगळ्या पावसाळ्यांतून इथवर आलं होतं. देवळात हात जोडावेत तसे माझे हात आपोआप जोडले गेले. इकडेतिकडे पाहून मी ते सोडवले. तेव्हा लक्षात आलं की काकी आमच्या मागे येऊन उभ्या होत्या आणि त्यांचेही हात जोडलेले होते.

"किती वर्षं निवडतोय आम्ही," नाचणकर शेवटी म्हणाले. "समुद्राने एका उधाणात निवडलं."

काकींनी दिनेशला परत फोन लावला. "कुलुपाचं राहू दे," एवढंच म्हणाल्या.

त्या मूठभर रोपांचं बी धरलं, वाढवलं, पुन्हा पेरलं, दुसऱ्या खाजणांत नेऊन बघितलं. दोन नव्हे, चांगले बरेच पावसाळे गेले. शेवटी त्या जातीला मान्यता मिळाली. आज खाडीकाठच्या कितीतरी गावांत ती उभी आहे. काकींच्या शेतात तर बांधापासून बांधापर्यंत. गेल्या दिवाळीत दिनेश मुलांना घेऊन कापणीला आला होता. मुंबईच्या मुलांनी विळे घेतले आणि बोटं कापून घेतली, काकी त्यातही खूश.

मान्यतेच्या कार्यक्रमात नाचणकरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, माईककडे बघितलं आणि म्हणाले, "खरं म्हणजे अजून थोडं बघायला हवं होतं." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं हा विनोद आहे.

यंदा ते निवृत्त झाले. केंद्रातलं क्वार्टर सोडून वेळणेश्वरला भावाच्या घरी जायचं ठरलं. सामान किती, टेम्पो छोटा सांगायचा की मोठा, हे बघायला मी एका रविवारी त्यांच्याकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते.

सामान काहीच नव्हतं. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर कॅलेंडर. आणि आतल्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पत्र्याचे डबे. प्रत्येकावर खडूने एक नंबर. मला वाटलं बियाणं आहे.

"जेवूनच जा," ते म्हणाले. भात झालाच होता.

घरात ताट एकच होतं. ते त्यांनी मला दिलं आणि स्वतः पातेल्याच्या झाकणात वाढून घेतलं. वर कुळथाचं पिठलं. मनात म्हटलं, चला, आज साक्षात साहेबांच्या हातचा तो नवा भात. पहिला घास घेतला आणि गिळता येईना. भात कडक, आत कच्चट, वर चिकट, आणि त्याला ओल्या गोणपाटाचा वास.

"हा... आपला तो?" मी विचारलं.

"छे. त्याचा दाणा न् दाणा बियाण्याला दिला. मी अजून चाखला नाही." त्यांनी मागच्या डब्यांकडे मान वळवली. "हे सगळे बाद झालेले. संकरातले. दर वर्षी ढिगात जायचे कोंबड्यांना नाहीतर खतात. मी घरी आणतो."

"कशाला?"

ते थोडा वेळ झाकणातला भात बोटांनी गोळा करत राहिले.

"नापास मीच केलं ना त्यांना," ते म्हणाले. "उपटलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं हो. खारं पाणी सोसत नाही म्हणाले, एवढंच. किंवा वाऱ्याला पडले. आपल्यापैकी कुणाला सोसतं? मग निदान एकदा कुणीतरी पानात घ्यावं. रोज एक डबा काढतो. हा शहाऐंशी नंबर. उंच होता फार. फुलायचा मात्र सगळ्यांच्या आधी, सकाळी मी पोचायच्या आत."

मी डब्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस रोज दुपारी इथे एकटा बसून आपल्या नापास मुलांबरोबर जेवत होता, आणि आम्ही त्यांच्या दोन पावसाळ्यांवर हसत होतो.

"तिकडे नेणार हे?"

"भावजयीला विचारलं नाही अजून. नको म्हणेल." मग जरा थांबून, "तुमच्याकडे एखाददुसरा डबा ठेवता का? शिजवायला पाणी जास्त लागतं. बाकी त्रास नाही त्यांचा."

"मोठा टेम्पो सांगते," मी म्हटलं. "राहिलेले सगळे माझ्याकडे ठेवू."

भात खरोखर वाईट होता. मी ताट पुढे केलं आणि आणखी मागितला. नाचणकरांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, खरंच हवाय की कसं ते. मग पातेलं घेऊन आले, भरभरून वाढलं, आणि मी जेवत असताना हात धुवायचे सोडून समोर बसून राहिले.

"बरा होता हो तो," ते म्हणाले.